प्रकाश-उत्प्रेरक : जलशुद्धीची पांढरी पूड

पदार्थ : टायटेनियम डायऑक्साइड, तैलरंगांना शुभ्रता देणारी पूड तीच. तिचे मूळ खनिज इल्मेनाइट रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते.

शोध : अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी या पदार्थाच्या विद्युदग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन केल्याचा वृत्तांत १९७२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

क्रिया : सुमारे ३८८ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे जंबुपार किरण अ‍ॅनाटेज या टायटेनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपावर पडले, की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात जाऊन मागे धनभारित पोकळ्या उरतात, आणि या दोहोंच्या योगे पाणी व प्राणवायू यांपासून उत्पन्न होणारे हायड्रॉक्सिलसारखे उग्र मूलक रंगद्रव्ये, कीटकनाशके आदी सेंद्रिय मलांचे अखेर बव्हंशी कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत रूपांतर करतात. याउलट सक्रिय कोळसा मल नुसता धरून ठेवतो.

कृती (सॉल-जेल) : टायटेनियम आयसोप्रोपॉक्साइडच्या अल्कोहोलातील द्रावणात पाणी थेंबाथेंबाने सोडावे लागते, घाई झाल्यास जेलऐवजी गाळ बसतो. जेल वाळवून सुमारे ४५० अंश सेल्सिअसला भाजतात. उष्णता फाजील झाली, की अ‍ॅनाटेजचे रूटाइल हे दुसरे स्फटिकरूप होते, जे या कामी सहसा मंद ठरते.

मर्यादा : सूर्यप्रकाशात जंबुपार किरण जेमतेम ५ टक्के, म्हणून नायट्रोजनादी मूलद्रव्ये मिसळून दृश्य प्रकाश उपयोगात आणण्याचे प्रयत्न होतात. पूड पाण्यातून गाळून काढणे जिकिरीचे, सबब काचेवर तिचा लेप देतात.