परसबागेतलं ठिबक: ऐकीव गोष्टी आणि यवतमाळचं ऊन

"ठिबक लावलं, आता पाण्याची काळजी नाही," असं मार्चमध्ये म्हणणाऱ्याचा कढीपत्ता मेअखेरच्या नवतप्यापर्यंत वाळलेला असतो. २०१८ मध्ये निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटली, तेव्हा यवतमाळ शहराने पाण्याचे हाल काय असतात ते पाहिलंय. त्यामुळे ठिबककडे वळणं शहाणपणाचंच. मात्र परसबागेतल्या ठिबकबद्दल इतक्या ऐकीव गोष्टी फिरतात, की नळ्या अंथरण्याआधी त्या निस्तराव्या लागतात.

पहिली म्हणजे, "थेंबाथेंबाने पडतं, म्हणजे दहा मिनिटं पुरे." मे महिन्यात आपल्याकडे उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला १० मिलिमीटरच्याही वर उडून जातं. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. फांद्यांचा घेर दोन मीटर रुंद असलेल्या लिंबाला, भांड्यातून उडतं त्याच्या निम्मं धरलं तरी, या हिशेबाने रोज १५ लिटरच्या आसपास पाणी लागतं. टोमॅटोच्या रोपाचं लिटर-दीड लिटरमध्ये भागतं. दोघांना एकेकच ड्रिपर लावून मोकळं होणं म्हणजे लिंबाला उपाशी ठेवणं. लिंबाभोवती चार लावा, टोमॅटोला एक.

ड्रिपरवर "ताशी ४ लिटर" लिहिलेलं असतं, त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. तो आकडा साधारण एक किलो दाबाचा, म्हणजे दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा. एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी जेमतेम चार मीटरवर असते. तिथून तोच ड्रिपर ताशी अडीच लिटरच्या आसपास देतो. खात्री करायची तर ड्रिपरखाली वाटी ठेवा, पंधरा मिनिटांनी पाणी मोजा आणि चारने गुणा. नळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या, दोन्ही ड्रिपरांखाली वाटी ठेवली, तर टोकापर्यंत दाब पोचतो की नाही तेही कळतं.

यावरून काही जण उलटा निष्कर्ष काढतात, की मोटर नसेल तर ठिबक चालतच नाही. चालतं. विटांच्या ओट्यावर ठेवलेल्या २०० लिटरच्या ड्रमवरही वीस-पंचवीस रोपं निघतात, फक्त वेळ जास्त द्यावा लागतो. अशा ठिकाणी दाब सारखा राखणारे महागडे ड्रिपर घेऊ नका. त्यांना काम करायलाच ठरावीक दाब लागतो आणि ड्रमचं पाणी तो देऊ शकत नाही. दुकानदार "भारी माल" म्हणून तेच पुढे करतो, हा भाग वेगळा.

जमिनीबद्दल मात्र सगळ्यात जास्त गफलत होते. काळ्या मातीत पाणी आडवं पसरतं, मुरमात सरळ खाली जातं. आपल्याकडे एकाच प्लॉटवर दोन्ही सापडतात: मागे मूळची काळी माती, पुढे बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम. काळ्या मातीत ड्रिपर लांब-लांब चालतात, पण पाणी जिरायला वेळ लागतो. ताशी ८ लिटरचा लावला तर डबकं साचतं आणि पाणी वाफ्याबाहेर वाहतं. मुरमात ड्रिपर जवळ-जवळ हवेत आणि पाणी थोडं-थोडं, दिवसातून दोनदा. काळी माती एकदा सुकून भेगाळली, की पाणी मुळांना न भेटता भेगांतून थेट खाली उतरतं. म्हणून भेगा पडायच्या आधीच ठिबक सुरू करावं. पडल्याच असतील तर आळं खुरप्याने हलवून त्या बुजवाव्यात.

ड्रिपर खोडाला टेकवणं ही जवळपास सगळ्यांचीच सवय. पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात. खोड सतत ओलं राहिलं की बुडाशी सड लागते. झाड वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवावेत.

"नळाचंच पाणी आहे, फिल्टर कशाला?" टाकीत गाळ बसतो, फिकट रंगाच्या टाकीत शेवाळ धरतं आणि बोअरच्या जड पाण्यातला चुना ड्रिपरच्या तोंडावर पांढरा जमतो. साधा जाळीचा फिल्टर लावा, आठवड्याला धुवा आणि महिन्यातून एकदा नळीच्या शेवटचं बूच काढून पाणी वाहू द्या. चुन्याने बुजलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले की बहुधा मोकळे होतात. सुई खुपसू नये, भोक मोठं होतं.

दुपारी झाडं माना टाकतात, म्हणून त्याच वेळी कॉक उघडू नये. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. पहाटे पाणी द्या आणि नळीवर गवत किंवा पालापाचोळा अंथरा. नळी ताणून बांधू नका. उन्हाने ती लांबते, रात्री आखडते आणि जोड निसटतात.

अनुदानाचंही विचारलं जातं. राज्यात ठिबकला अल्प व अत्यल्पभूधारकांना ८० टक्के आणि इतर शेतकऱ्यांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान असतं, पण ते शेतीसाठी, सातबारा पाहून. घरामागच्या वाफ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. खारींनी कुरतडलेल्या नळीची भरपाईही कोणी देत नाही. खारी बहुतेक वेळा पाण्यासाठी कुरतडतात, तेव्हा कोपऱ्यात एक पाण्याचं भांडं रोज भरून ठेवलेलं स्वस्त पडतं.