टाकी हलवावी, पण जपून!
जुन्नर-आंबेगावच्या गॅरेजमधील एका छोट्या कामाची मोठी जबाबदारी

जुन्नर म्हटले की लोकांना शिवनेरी आठवतो. कारागिरांना मात्र जुन्नरचा कागदही आठवावयास हवा. हाताने बनविलेला जुन्नरी कागद एके काळी नावाजलेला होता, आणि तो बनविणारे कागदी आपल्याच समाजातले होते. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुऱ्याचे नावही याच धंद्यावरून पडले. गिरणीच्या कागदापुढे तो धंदा टिकला नाही, पण हातातला कसब गेला नाही. आज नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव या गावांतून फिरले, तर रस्त्याच्या कडेला वेल्डिंगची दुकाने आणि गॅरेज दिसतात. तेथे टोमॅटोच्या हंगामात टेम्पोचे पाटे बसतात, फवारणीचे पंप खुलतात आणि पॉवर वीडरची इंजिने दुरुस्त होतात.

अशाच एका गॅरेजात आम्ही चहा घेत बसलो असता एक शेतकरी छोटी गाडी ढकलत घेऊन आला. मिनी बाईक म्हणतात ती हीच. पाईपची चेसिस, लहान चाके आणि मधोमध पॉवर वीडरचे चार स्ट्रोकचे जुने इंजिन. मुलाच्या हौसेसाठी आणि मळ्यातल्या मळ्यात फिरण्यासाठी ती बनविलेली होती. शेतकरी म्हणाला, "उस्ताद, टाकी इंजिनावर आहे. पोराच्या गुडघ्याला लागते. पुढच्या पाईपवर घ्या, मोठ्या गाडीसारखी दिसेल."

उस्तादांनी लगेच हो म्हटले नाही. गाडीभोवती दोनदा फिरून त्यांनी विचारले, "दादा, ही गाडी रस्त्यावर जाते का?" हा प्रश्न त्यांनी आधी का विचारला, ते पुढे येईलच.

टाकी का हलवावी लागते?

वीडर किंवा पाणी उपसण्याच्या इंजिनावर कंपनी टाकी डोक्यावर बसवते, कारण ते इंजिन जमिनीवर उभे राहून काम करते. उदाहरणार्थ, होंडाच्या जीएक्स 160 या 163 सीसीच्या इंजिनावर सुमारे 3.1 लिटरची टाकी असते आणि शेजारीच सायलेन्सर असतो. तेच इंजिन गाडीत घातले की टाकी चालविणाऱ्याच्या मांड्यांमध्ये येते. सीट खाली घेता येत नाही, आणि पेट्रोल भरताना सांडले तर ते थेट तापलेल्या सायलेन्सरवर जाते. तेव्हा टाकी हलविण्याची मागणी नुसती हौसेची नाही, त्यात शहाणपणही आहे. प्रश्न आहे तो ती कोठे आणि कशी बसवावी याचा.

उस्तादांनी आपला एक जुना अनुभव आम्हास मोकळेपणाने सांगितला. काही वर्षांपूर्वी त्यांनी अशीच एक टाकी हलविली. घाई होती म्हणून पाण्याच्या लेव्हलचा पारदर्शक पाईप वापरला आणि क्लिपऐवजी तार आवळली. दोन महिन्यांत पाईप कडक होऊन तोंडाशी चिरला. पेट्रोल सायलेन्सरवर ठिबकले आणि जाळ झाला. मुलाने उडी मारली म्हणून केवळ पोटरी भाजण्यावर निभावले. इंजिनाचे पैसे उस्तादांनी भरून दिले. "पैसे गेले त्याचे दुःख नाही," ते म्हणाले, "पण त्या पोराची आई दुकानासमोरून जाते तेव्हा आजही माझी मान वर होत नाही."

चढ-उताराचा हिशेब

कार्बोरेटरच्या साध्या इंजिनात पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. म्हणून टाकीचे तळाचे तोंड कार्बोरेटरच्या वर असावे लागते, आणि तेही केवळ सपाट जागी नव्हे. टाकी सीटच्या मागे असेल तर बांध चढताना ती कार्बोरेटरच्या खाली जाते. पुढे असेल तर उतरताना तोच प्रकार होतो. भरलेल्या टाकीवर हा दोष दिसत नाही. पेट्रोल तळाला गेले की गाडी चढावर बंद पडते, आणि गिऱ्हाईक कार्बोरेटर खोलावयास सांगतो.

यावर उस्तादांची परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असताना, उघड्या जागेत, जवळपास विडी-काडी नसताना टाकीत कपभर पेट्रोल घालावे. पुढचे चाक विटांवर चढवावे, कार्बोरेटरजवळचा पाईप काढून बाटलीत सोडावा आणि धार पाहावी. मग मागचे चाक चढवून तेच करावे. दोन्ही वेळा धार अखंड आली तरच जागा पक्की समजावी.

झाकणाचे भोक आणि पाईपची वाट

टाकीतून पेट्रोल खाली गेले की तितकी हवा आत यावी लागते. भंगारातून आणलेल्या टाकीच्या झाकणाचे बारीक भोक पुष्कळदा रंगाने किंवा गंजाने बुजलेले असते. गाडी थोडा वेळ चालते, बंद पडते, झाकण उघडले की सुस्कारा येतो आणि पुन्हा चालू होते. उसाच्या फडाशेजारी, बिबट्याच्या वावराच्या भागात रात्री गाडी अशी बंद पडणे म्हणजे काय, हे जुन्नरच्या माणसास सांगावयास नको.

पाईप पेट्रोलसाठीच बनविलेला असावा. दोन्ही टोकांस क्लिप हवी. पाईप सायलेन्सर आणि सिलिंडरपासून दूर न्यावा, वाटेत त्याला वर उंचवटा देऊ नये, नाही तर तेथे हवा अडकते. मध्ये फिल्टर आणि टाकीखाली बंद करता येणारा कॉक हवाच. फ्लोटची सुई गळकी असेल तर कॉक उघडा राहिल्यास पेट्रोल इंजिनात उतरून तेलात मिसळते आणि इंजिनाची वाट लागते. आणखी एक गोष्ट: आता पेट्रोलमध्ये शेकडा 20 पर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरास मानवत नाही. म्हणून जुन्या गाडीचा काढलेला पाईप पुन्हा लावण्याची काटकसर महागात पडते.

टाकी कार्बोरेटरच्या खाली घ्यावयाचीच असेल तर पंप लागतो. इंजिनाच्या श्वासावर चालणारा तीन तोंडांचा छोटा पंप मिळतो. एक तोंड इंजिनाकडे, एक टाकीकडे, एक कार्बोरेटरकडे. इंजिनाकडचा पाईप जितका आखूड तितके बरे. मोठ्या कंपन्याही टाकीची जागा बदलतात. टीव्हीएसने 2021 साली ज्युपिटर 125 मध्ये टाकी पायाखाली घेऊन सीटखाली सामानाची जागा वाढविली. पण त्यासाठी त्यांनी सारी गाडीच तशी आखली. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत बहुतेक ठिकाणी इंजेक्शन आहे. टाकीतच विजेचा पंप असतो आणि पाईपमध्ये दाब असतो. अशा गाडीच्या टाकीस गल्लीतल्या कारागिराने हात लावू नये, हेच आमचे मत.

रिकामी टाकी अधिक घातक

आपल्या वेल्डर बंधूंनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. पेट्रोल काढून टाकले म्हणजे टाकी निर्धोक झाली, हा समज जीवघेणा आहे. भरलेल्या टाकीत हवा थोडी असते, रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण तयार असते. ती वाफ हवेहून जड असल्याने कोपऱ्यात आणि तळाशी दडून राहते, आणि शेकडा दीड ते साडेसात इतके तिचे प्रमाण असले की ठिणगीने स्फोट होतो. एकदा पाण्याने खळबळून ती जात नाही.

उस्तादांनी म्हणून एकच नियम केला आहे: वापरलेल्या टाकीस वेल्डिंग नाही. ब्रॅकेट चेसिसला वेल्ड करावयाचे, तेही टाकी दुकानाबाहेर असताना. मग टाकी रबरी वॉशर घालून नट-बोल्टने बसवावयाची. रबर नसेल तर इंजिनाच्या हादऱ्याने टाकी ब्रॅकेटजवळच फुटते. टाकी काढताना इंजिनाच्या पंख्याचे झाकण मात्र काढून ठेवू नये, गार हवा त्यातूनच सिलिंडरवर जाते.

कायदा काय म्हणतो?

आता उस्तादांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेहून वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीही हरकत घेऊ शकते.

घरी बनविलेल्या गाडीस तर नोंदणीच नसते. चारपेक्षा कमी चाकांची आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाची गाडी कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन नाही, परंतु वीडरचे इंजिन बहुधा त्याहून मोठे असते. ती गाडी रस्त्यावर आणणे बेकायदा आहे. अज्ञान मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25000 रुपये दंडाची तरतूद 2019 पासून आहे. बापाची हौस मुलाच्या आणि बापाच्या दोघांच्या गळ्याशी येऊ शकते.

धंद्याची गोष्ट

हे काम अर्ध्या दिवसाचे म्हणून पुष्कळ कारागीर अंदाजाने रक्कम सांगतात आणि मग पाईप-क्लिपमध्ये काटकसर करतात. उस्ताद टाकी, कॉक, पाईप, फिल्टर, ब्रॅकेट आणि मजुरी वेगवेगळी लिहून देतात. खाली ओळ असते: "फक्त मळ्यात, खासगी जागेत वापरण्यासाठी." महिन्याभराने पाईप तपासून देण्याचे पैसे त्यातच धरलेले असतात. अशा ओळीने सारी जबाबदारी संपत नाही, पण गिऱ्हाईकास काय सांगितले होते हे कागदावर राहते. ज्यास हे महाग वाटते तो दुसरीकडे जातो. त्यास जाऊ द्यावे.

त्या शेतकऱ्याने शेवटी कबूल केले की मुलगा गाडी दूध घालावयास डेअरीपर्यंत, म्हणजे डांबरी रस्त्याने नेतो. उस्तादांनी टाकी हलविण्यास नकार दिला. मुलगा रस्त्यावर जाणार नाही असा शब्द द्या, मग आणा, असे सांगितले. गिऱ्हाईक नाराज होऊन गेले. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो, तेव्हा तीच गाडी गॅरेजात उभी होती. पुढच्या पाईपवर ब्रॅकेट बसले होते, पुढच्या चाकाखाली विटा होत्या, आणि उस्ताद बाटलीतली धार पाहत होते.