हुबळी-धारवाड : वाटेवरचे जोडशहर

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशाला हुबळी बहुधा ठाऊक असते ती एक जंक्शन म्हणून. २०२३ साली येथील फलाट १,५०७ मीटरांचा झाला आणि जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची नोंद झाली. परंतु त्या फलाटावरून बाहेर पडून गाव पाहणारे प्रवासी थोडेच. येथे राजवाडा नाही, धबधबा नाही. मग उतरावे कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, या गावाचे पुष्कळसे वैभव वाटेत उतरलेल्या माणसांनीच घडविले आहे.

हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये अंतर सुमारे २० किलोमीटरांचे. पहिले व्यापाराचे, दुसरे विद्येचे. १९६२ साली दोहोंची मिळून एक महानगरपालिका झाली.

किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहत मिरजेस. म्हैसूर दरबारी गाण्यासाठी जाता-येता ते धारवाडला मुक्काम करीत आणि तेथे अंबाबाई या गायिकेचे कर्नाटक संगीत आवडीने ऐकत. याच अंबाबाईंच्या कन्या गंगूबाई हनगल. खाँसाहेबांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ पुढे सवाई गंधर्व या नावाने मराठी संगीत रंगभूमीवर गाजले. कुंदगोळ हुबळीपासून जवळच. गंगूबाई आगगाडीने तेथे शिकावयास जात, आणि गदगचे भीमसेन जोशीही तेथेच शिकले. ज्यांच्या नावाने पुण्यात १९५३ पासून संगीत महोत्सव भरतो, त्या गुरूंचे गाव पाहण्यास हुबळीहून अर्धा दिवस पुरतो.

धारवाडजवळच्या मनसूर गावचे मल्लिकार्जुन मनसूर यांची वाट याच्या उलट दिशेची. ते मिरजेच्या नीळकंठबुवांकडे शिकले, मग मंजीखाँ व बुर्जीखाँ यांच्याकडून जयपूर-अत्रौली घराण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली आणि धारवाडला परतले. त्यांचे ‘मृत्युंजय’ हे घर आता स्मारक म्हणून जतन केले आहे. साधनकेरी तळ्याकाठी द. रा. बेंद्रे यांचे घर आहे. घरात मराठी बोलणारे बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले. त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. सोलापूरच्या महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापनही केले.

दोन्ही गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर उणकल येथे चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे मंदिर व विस्तीर्ण तलाव आहे. जुन्या हुबळीत सिद्धारूढ स्वामींचा मठ आहे. तेथे जातिधर्माचा भेद न मानता सर्वांना प्रवेश मिळतो. बेंगेरी येथे १९५७ साली स्थापन झालेल्या खादी संघात राष्ट्रध्वज तयार होतात. मापात, रंगात वा शिवणीत किंचित चूक झाली तरी ध्वज बाद ठरतो. धारवाडचा तपकिरी पेढाही बाहेरून आलेल्यांचीच देणगी. उत्तर प्रदेशातील उन्नावहून येऊन स्थायिक झालेल्या ठाकूर कुटुंबाने तो प्रथम केला. खवा मंद आचेवर पुष्कळ वेळ परतल्याने त्याला तो रंग आणि खमंगपणा येतो.

दोन गावांमध्ये २०१८ पासून ‘चिगरी’ नावाची जलद बससेवा धावते. चिगरी म्हणजे हरिण. सकाळी मठ व बेंगेरी, दुपारी उणकल आणि सायंकाळी धारवाड असा क्रम ठेवल्यास एका दिवसात बरेच पाहून होते. मात्र ही घरे लहान आहेत. ज्याला नावे ठाऊक नाहीत, त्याला तेथे केवळ भिंती दिसतील. म्हणून जाण्यापूर्वी मनसूरांचे किंवा गंगूबाईंचे एखादे ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे.

सीमेच्या प्रश्नाने मराठी आणि कन्नड भाषकांत अनेकदा कटुता आली. मिरज-हुबळी लोहमार्गाने मात्र गुरूंना शिष्य आणि गायकांना श्रोते मिळवून दिले. गाडी बदलण्यापुरते येथे थांबणाऱ्याने एक दिवस अधिक काढला, तर आपण जे गाणे आपले म्हणतो त्याचे माहेर कोठवर पसरले आहे, हे त्याच्या ध्यानी येईल.