पाव-पाव आयुष्याचं कोडं

ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास. शाळेत पाठ केलेला हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की आपण आयुष्याचा बेतही त्यावरच आखतो. आधी शिक्षण, मग नोकरी नि संसार, तब्येतीकडे निवृत्तीनंतर बघू आणि देवाचं सगळ्यात शेवटी. पण आश्रमांची कल्पना ज्या सर्वांत जुन्या ग्रंथांत सविस्तर भेटते, तिथं हा क्रमच नाही!

आपस्तंब, गौतम, बौधायन, वसिष्ठ यांची धर्मसूत्रं उघडून बघा. इसवी सनापूर्वीच्या शतकांतले हे ग्रंथ. वेदाध्ययन पुरं झालेल्या तरुणापुढं तिथं चार जीवनपद्धती मांडल्या जातात. दहावीनंतर शाखा निवडावी तशी त्यांतली एक निवडायची आणि जन्मभर तिच्यातच राहायचं. कुणी लग्न करील, कुणी वनात जाईल, कुणी भिक्षा मागत हिंडेल, कुणी गुरूच्याच घरी अखेरपर्यंत शिकत राहील. केस पिकायची वाट कशाला बघायची? गौतम आणि बौधायन तर त्याहून पुढं जातात. त्यांच्या मते खरा आश्रम एकच, गृहस्थाचा!

हा गुंता सोडवणाऱ्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले पां. वा. काणे आघाडीवर होते. 1930 ते 1962 या काळात त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला, साडेसहा हजारांहून अधिक पानांचा. आश्रमांबद्दल शास्त्रकारांची तीन वेगवेगळी मतं होती, हे त्यांनी नीट उलगडून दाखवलं : चारही एकामागून एक, चारांतून एक, किंवा मुळात एकच. पुढं 1993 मध्ये पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी या एकाच विषयावर अख्खा ग्रंथ लिहिला.

मग निवडीचा क्रम कसा झाला? त्या काळाकडे बघा. बौद्ध, जैन आणि इतरही संन्यासी पंथ जोरात होते. ऐन तारुण्यात मुलं घर सोडून निघत होती. मागं आईबापांना कोण बघणार, शेत कोण करणार? शिवाय माणूस जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो, ही वेदातली समजूत. अध्ययन, यज्ञ आणि अपत्य यांनी ते ऋण फिटायचं. मला तर या पेचावर काढलेली तोड थक्क करते. संन्यासाला नाही म्हटलंच नाही. फक्त सांगितलं, नंतर.

या 'नंतर'ची खूण मनुस्मृतीनं काय दिली आहे? आयुष्याचे चार भाग तिथं आहेत, पण घर कधी सोडायचं हे ठरवायला तारखेकडे नाही, स्वतःकडे बघायला सांगितलं आहे : अंगावर सुरकुती, डोक्यात पांढरा केस आणि घरात नातू. त्यातही एक सवलत आहे. कर्मांचा त्याग करून, मुलाच्या आधारानं, घरातच सुखानं राहण्याचीही तिथं सोय आहे!

वात्स्यायनाचं कामसूत्र याहून मोकळं. बालपणी विद्या, तारुण्यात काम, म्हातारपणी धर्म आणि मोक्ष, अशी वाटणी करून तो लगेच म्हणतो : आयुष्याचा भरवसा नाही, तेव्हा जे जेव्हा जमेल ते तेव्हा करावं.

आता मला सर्वांत आवडणारा माणूस. वैद्य, चरक. बृहदारण्यक उपनिषदात तीन इच्छा सांगितल्या आहेत : पुत्राची, वित्ताची आणि लोकांची, म्हणजे परलोकांची. ज्ञानी माणूस त्या ओलांडून भिक्षाटनाला निघतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही तीनच इच्छा आहेत. पण ओळख पटू नये इतका त्यांचा चेहरामोहरा बदलला आहे. त्या टाकायच्या नाहीत, त्यांच्या मागं लागायचं आहे! आणि पुत्राच्या जागी आले आहेत प्राण. पहिली इच्छा जगण्याची, दुसरी धनाची, तिसरी परलोकाची. क्रम असा का? कारण प्राण गेले की सगळंच गेलं. धन दुसरं का? कारण दीर्घ आयुष्य आहे आणि साधन काहीच नाही, यापरतं वाईट दुसरं नाही. शेती, पशुपालन, व्यापार, राजाची नोकरी असे कमाईचे मार्गही वैद्यबुवा सांगून मोकळे होतात. तब्येत, पैसा आणि अध्यात्म एका प्रकरणात, आणि पहिला मान तब्येतीला!

तरीही या साऱ्या मांडणीत एक मोठी पोकळी आहे. चार आश्रमांची ही चर्चा मुख्यतः वरच्या तीन वर्णांतल्या पुरुषांची. बायकांचं काय, शूद्र म्हटल्या गेलेल्यांचं काय? शिवाय एकदा संन्यासापर्यंत चढलेल्याला परत उतरायला वाट नव्हती. परंपरा सांगते, आपेगावचे विठ्ठलपंत काशीला संन्यासी झाले आणि गुरूंच्या आज्ञेवरून परत संसारात आले. समाजानं त्यांना वाळीत टाकलं. त्यांचीच मुलं निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई.

आणि त्याच भोवतालात उभी राहिली वारकऱ्यांची दुनिया. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई, चोखोबा आणि सोयराबाई. भक्तीसाठी कुणी कामधंदा संपायची वाट बघत बसलं नाही.

वारीची रचना तर बघत राहावी अशी आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानदेव माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी पंढरपुरात पोचते. पाऊस वेळेवर झाला तर या सुमारास पेरणी उरकलेली असते. दिंडीत नातू, सून, आजोबा एकाच वाटेनं चालतात. घर, धंदा, मानपान मागं राहतो. जेवण पंगतीत, झोप तंबूत. म्हणजे घर सोडणंही आलं, पण पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्यानंतर घरी परतणंही त्यातच आलं. दरवर्षी!

हिशेब करून बघा. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. तीस वर्षं वारी न चुकवणारा शेतकरी नुसतं जाताना साडेसात हजार किलोमीटर चालतो, आणि वाटेवरचे दिवस मोजले तर जवळपास दीड वर्ष घराबाहेर असतो. काला घेऊन तो गावी पोचतो तेव्हा पिकात तण माजलेलं असतं आणि कोळपणी-खुरपणी अंगावर आलेली असते.