चोविसाव्या अध्यायाची माणसं

पंचांग उघडलं की सुरुवातीच्या पानांवर कलियुगाचा हिशेब सापडतो. एकूण वर्षं ४,३२,०००. त्यातली पाच हजारांच्या थोडी वर सरलेली, सव्वाचार लाखांहून अधिक शिल्लक. घाई करावी असं त्यात काहीच नाही. कल्की यायचा आहे खरा, पण तो येईपर्यंत कपाशीचे आणि तुरीचे इतके हंगाम जायचे आहेत की त्याच्या येण्यावाचून कुणाची पेरणी अडत नाही. आणि तो आला तरी पुन्हा कृतयुग, पुन्हा तेच चाक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अकोल्याच्या आणि अमरावतीच्या बाजारात काही परदेशी माणसं शिकून घेतलेल्या मराठीत याच्या नेमकं उलट सांगत होती. जगाला शेवट आहे, तो एकदाच व्हायचा आहे, त्यानंतर चाक पुन्हा फिरणार नाही, आणि तो कदाचित आज रात्रीच होईल. असं खरोखर मानणारा माणूस वागतो कसा? आपला सहज अंदाज असा की तो गाठोडं बांधून आभाळाकडे बघत बसेल. उद्या जाळायच्या घराला आज कोण शेणानं सारवतं? वऱ्हाडातला पुरावा मात्र वेगळं सांगतो. आणि तो वेगळा का आहे, याचं उत्तर त्या माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांच्या शिकवणीतच शोधावं लागतं.

वऱ्हाडात प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं जाळं उभं करण्यात मोठा वाटा होता 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या अमेरिकी मिशनचा. ए. बी. सिम्प्सन (१८४३–१९१९) या मूळच्या कॅनडातल्या धर्मोपदेशकानं १८८७ मध्ये या चळवळीची स्थापना केली. त्याच्या शिकवणीचे खांब चार: येशू तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा. यातला चौथा खांब अलंकारापुरता नव्हता. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात, चौदाव्या वचनात, येशू शिष्यांना सांगतो की राज्याची ही सुवार्ता सगळ्या राष्ट्रांना साक्ष म्हणून सांगून होईल आणि मग शेवट येईल. सिम्प्सननं हे वचन जवळजवळ कार्यक्रमपत्रिकेसारखं वाचलं. जगात जिथं सुवार्ता पोचलेली नाही तिथं ती पोचवली की राजाच्या येण्यातला एक अडथळा कमी झाला. म्हणजे अकोला, मूर्तिजापूर, खामगाव ही गावं त्याच्या दृष्टीनं जगाच्या अखेरच्या वाटेवरची स्थानकं होती. शब्दशः स्थानकंच म्हणावीत, कारण भुसावळ–नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पुरी झालेली होती, कापसाच्या गाठी ज्या रुळांवरून मुंबईला जात त्याच रुळांच्या काठाकाठानं मिशनची ठाणी बसली: भुसावळ, मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर, अमरावती. मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे जोडपं अकोल्यात आधीपासून काम करत होतं, तेही पुढं अलायन्समध्ये सामील झालं.

ही शिकवण नेमकी काय, हे थोडं उलगडायला हवं, कारण बाहेरच्याला सगळे ख्रिस्ती एकच मानतात असं वाटतं. येशू पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्यायनिवाडा करील, एवढं सगळ्यांना मान्य आहे. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, सगळ्यांच्या मतांगीकारात ते आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतातला कॅथलिक माणूस नाताळापूर्वीच्या आगमनकाळात गव्हाणीतल्या बाळाची तयारी करतो, तेव्हा त्या काळाच्या पहिल्या रविवारी वाचन असतं ते या दुसऱ्या येण्याचंच. मतभेद सुरू होतात ते बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या हजार वर्षांवरून. हजार वर्षांचं राज्य ख्रिस्त आल्यावर या पृथ्वीवर अक्षरशः होईल, असं अलायन्सचं मत. कॅथलिक परंपरा आणि जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले पुष्कळ जण ती संख्या रूपक मानतात. नारायण वामन टिळकांसारख्या मराठी ख्रिस्ती माणसाचा ओढा तर राज्य इथं आणि आत्ता उभं करण्याकडे. १९१७ मध्ये त्यांनी काढलेल्या 'देवाचा दरबार' या मेळ्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. पण मत कुठलंही असो, साध्या उपासनेत ही वाट पाहणं मुरलेलं आहे. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एवढासा पेला हातोहात फिरतो, तेव्हा हे प्रभू येईपर्यंत करायचं आहे अशी आठवण दिली जाते. म्हणजे त्या विधीला मुदत आहे, तो कायमचा नाही. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी 'मारानाथा' असा एक अरामी शब्द येतो. आमच्या प्रभो, ये, असा त्याचा अर्थ. मराठी कानाला त्यात उगीचच 'नाथा' ऐकू येतं. व्युत्पत्ती चूक, अर्थ मात्र बरोबर.

आता मुद्द्याकडे. मत्तयाचा चोविसावा अध्याय 'केव्हा' आणि 'कोणत्या चिन्हांनी' याबद्दल बोलतो. लगेच पुढचा, पंचविसावा, बोलतो तो न्याय कोणत्या मापानं होईल याबद्दल. मेंढपाळ संध्याकाळी मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तसा राजा माणसं वेगळी करील, आणि विचारील ते इतकंच: भुकेल्याला घास दिला का, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याकडे, तुरुंगातल्याकडे कुणी गेलं का. गंमत अशी की उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही चकित होतात; आपण राजाला कधी उपाशी पाहिलं हे कुणालाच आठवत नाही. चोविसाव्या अध्यायानं ही माणसं वऱ्हाडात आणली. पण इथं पोचल्यावर त्यांच्या हाताला काम लावलं ते पंचविसाव्यानं.

आणि ते काम दाराशी येऊन पडलं. १८९६–९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग १८९९–१९०० चा, ज्यात ज्वारीही गेली आणि कापूसही. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात काळ्या घोड्यावरचा स्वार हातात तराजू घेऊन येतो आणि धान्याचा भाव पुकारला जातो: दिवसाच्या मजुरीत एका माणसाच्या एका दिवसाच्या पोटापुरते गहू. आपण या ग्रंथाला राक्षसांचा आणि आगीचा ग्रंथ समजतो, पण त्यात बाजारभाव आहे, आणि तो भाव दुष्काळाचा आहे. त्या वर्षी वऱ्हाडातल्या मजुराला हे चित्र समजावून सांगायची गरज नव्हती. सिम्प्सनच्या मिशनचा मूळ कल संस्था उभारण्याकडे नव्हता. वेळ थोडा आहे, प्रचार करा, इमारतींत अडकू नका, असाच होता. तरी दुष्काळानं पोरकी झालेली मुलं समोर आल्यावर अकोल्यात मुलांसाठी आणि खामगावात मुलींसाठी अनाथाश्रम उघडले गेले. सिद्धांत सांगत होता पुढच्या गावाला चला. दारातलं पोर सांगत होतं थांबा. थांबणं जिंकलं, आणि थांबण्याचा आधारही त्याच पुस्तकात पुढच्याच पानावर होता.

जेनी फुलर यांचं उदाहरण याहून बोलकं. राजा कधीही येईल अशी या बाईची श्रद्धा, आणि १९०० मध्ये पुस्तक लिहिलं ते भारतातल्या स्त्रियांवरच्या अन्यायाबद्दल: बालविवाह, विधवांची दशा, मुरळ्या. प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. त्या पुस्तकात कायद्यानं काय करावं याचीही चर्चा आहे. ज्याला हे राज्य उद्या बुडणार असं वाटतं तो आज त्या राज्याच्या कायद्याची भाषा का करील? याच ओघात परतवाड्याजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय येतं, १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशिममधलं नाझरीन मंडळीचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल येतं. मंडळ्या वेगवेगळ्या, हजार वर्षांविषयीची मतं वेगवेगळी. येणाऱ्या प्रभूची वाट पाहणं तेवढं समान.

यावर पहिला आक्षेप सोपा नाही. शेवटाच्या अपेक्षेनं हातपाय गाळलेली माणसं इतिहासात आहेतच. डी. एल. मूडी हा त्याच काळातला गाजलेला अमेरिकी प्रवचनकार जगाला बुडतं जहाज म्हणे. आपल्याला मिळाली आहे ती माणसं वाचवायची होडी, जहाज दुरुस्त करायचं काम आपलं नाही. विल्यम मिलरच्या गणितावर भरवसा ठेवून २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहणाऱ्यांपैकी काहींनी शेतातलं पीकसुद्धा काढलं नव्हतं. हे खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्यानं मर्यादा पडते. पण हा रोग नव्या करारालाच ठाऊक होता. थेस्सलनीकातल्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले होते, बहुधा याच अपेक्षेनं, असा बऱ्याच भाष्यकारांचा तर्क आहे. पौलाच्या नावावरचं दुसरं पत्र त्यांना बजावतं की काम करायचं नसेल तर जेवायलाही बसू नका. मिलरचे लोक आणि अकोल्याचे लोक यांच्यात श्रद्धेचा फरक कमी, तारखेचा जास्त. तारीख हातात आली की पेरणी निरर्थक होते. तारीख हातात नसेल तर प्रत्येक दिवस हिशेबाचा ठरतो. आणि चोविसाव्या अध्यायातच, छत्तिसाव्या वचनात, ती घटका खुद्द पुत्रालाही ठाऊक नाही असं स्पष्ट म्हटलेलं आहे. २१ मे २०११ ची तारीख सांगणारा कॅलिफोर्नियातला रेडिओवक्ता हॅरोल्ड कॅम्पिंग हे वचन कसं ओलांडून गेला, हे कोडं आहे. प्रकटीकरणातल्या श्वापदाचा ६६६ हा अंक कधी बारकोडात, कधी लशीत शोधणारे, किंवा मिझोराममध्ये आधार कार्डाला त्याच कारणानं नकार देणारे, तेही याच जातीचे. ते चिन्हं वाचत बसले; माप विसरले.

दुसरा आक्षेप आपल्याच मातीतला आहे. सेवेसाठी शेवटच्या दिवसाची गरजच काय? अमरावतीचं तपोवन शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी उभं केलं, शेंडगावच्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, झाडू हातात घेऊन गावं झाडली. कुणी त्यांना शेवटच्या दिवसाच्या तुरहीची भीती घातली नव्हती. मान्य. अंतकाळावरच्या श्रद्धेशिवाय सेवा होत नाही असं कुणी म्हणू लागलं तर त्याला तपोवनातून एकदा फिरवून आणावं. दावा याहून लहान आहे: ही श्रद्धा सेवेचा गळा घोटतेच असं नाही, आणि न्यायाचं माप डोळ्यांसमोर असेल तर ती सेवेला जुंपते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड: भीती. उपाशी पोराला भाकरीबरोबर धर्म दिला गेला, आणि नाही घेतला तर पुढे न्याय आहे असंही ऐकवलं गेलं. अनाथाश्रमातल्या मुलाला निवड कितपत होती, हा प्रश्न पंचविसाव्या अध्यायाचा दाखला देऊन पुसता येत नाही. त्यातही, तिथले 'माझे सर्वांत लहान भाऊ' म्हणजे जगातले सगळे गरीब की फक्त येशूचे शिष्य, यावर खुद्द ख्रिस्ती भाष्यकारांचं एकमत नाही. पण भीतीचं हत्यार दुधारी होतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासूनच होते असं आहे. म्हणजे आधी उपदेशक, मग श्रोते. आणि ज्याला पाटलाच्या चावडीवर, सावकाराच्या वहीपुढं, कोर्टात कधी न्याय मिळाला नाही, त्याला लाच न घेणाऱ्या न्यायाधीशाची बातमी धमकी वाटेलच असं नाही. चित्रगुप्ताची वही एकेकट्याची असते. इथला निवाडा सगळ्यांसमक्ष, सावकार आणि कूळ एकाच रांगेत.

वऱ्हाडाला भविष्य नवं नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात: अठरा धान्यांचं रिंगण, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्यानं भरलेली घागर, पापड, कुरडई, करंजी, पान-सुपारी. पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य घरंगळलं यावरून वर्षाचं भाकीत होतं, आणि दिवाळीपर्यंत ते खरं-खोटं कळतं. बायबलमधला संदेष्टा या कसोटीवर चक्क नापास होतो. योना निनवे शहरात जाऊन ४० दिवसांत नाश होईल असं ओरडला. राजापासून रंकापर्यंत सगळे गोणपाट नेसून उपाशी बसले, वागणं सुधारलं, आणि नाश टळला. भाकीत चुकलं म्हणून योना संतापला आणि शहराबाहेर जाऊन बसला. सावलीला देवानं एक झाड उगवून दिलं. ते एरंडाचं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं, आपल्याकडे धुऱ्यावर उगवतो तोच. दुसऱ्या दिवशी किडीनं ते वाळवलं तेव्हा योनाला झाडाची हळहळ वाटली. तेव्हा देव त्याला जे विचारतो तिथंच ते छोटं पुस्तक संपतं, उत्तराशिवाय: तू न लावलेल्या झाडासाठी तुझा जीव तुटतो, मग या शहरात उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत, त्यांच्यासाठी माझा तुटू नये का? आणि त्या प्रश्नाच्या अगदी शेवटी, जणू आत्ताच आठवल्यासारखी, गुरंढोरं येतात.