कोयता निघायच्या आधी पोरीची फाईल



दसरा जवळ आला की आपल्या गावात काय सुरू होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. कुणी किती उचल घेतली याची पारावर चर्चा होते. बाया भांडीकुंडी, पीठ-मीठ बांधायला लागतात. लहान लेकरू सोबत न्यायचं की आजीजवळ ठेवायचं, यावर घरात दोन रात्री बोलणं होतं. पण घरात बारावीचं लेकरू असेल तर त्याच्याबद्दल एवढंच म्हटलं जातं, "ते मोठं आहे, त्याचं ते बघंल."

आज मला त्या मोठ्या लेकराबद्दलच बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईची लेक बारावी सायन्सला होती. आईबाप कारखान्यावर, ही आजीजवळ. जानेवारीत ती सीईटीचा फॉर्म भरायला गेली आणि मोबाईल नंबर बापाचा दिला. ओटीपी गेला बापाच्या फोनवर. बाप फडात, फोन कोपीत, आणि त्याची बॅटरी उतरलेली. पोरीनं तीन दिवस हेलपाटे घातले, तेव्हा कुठं फॉर्म भरला गेला. परीक्षा चांगली गेली. मार्क पाहून आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. मग जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी कळलं, की जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्जच केलेला नाही. राखीव जागा हातची गेली आणि खुल्या गटात नंबर लागला नाही. पोरगी अभ्यासात कुठंच कमी नव्हती. कागदानं तिला मागं ठेवलं.

त्या दिवशी ती ताई मला म्हणाली, "मला कुणी आधी सांगितलं असतं तर दसऱ्याच्या आधी मी चार दिवस तहसीलला बसून राहिले असते." म्हणून आज आधीच सांगते.

वर्षाचा हिशोब आधी समजून घ्या

ऊसतोडीला आपण दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतो आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये परततो. आता लेकराचं वर्ष बघा. सीईटीचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतात. नीटचा फॉर्म त्यानंतर. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. एप्रिल-मेमध्ये सीईटी, मे महिन्यात नीट. जूनपासून प्रवेशाच्या फेऱ्या. म्हणजे फॉर्म, फी, ओटीपी, बोर्ड ही सगळी धावपळ नेमकी आपण गावात नसतानाची. म्हणून जी तयारी आईबापाच्या हातची आहे, ती कोयता निघायच्या आधी झाली पाहिजे. कारखान्यावर न जाणाऱ्या घरांनाही हे लागू आहे, कारण दाखल्यांना लागणारा वेळ सगळ्यांना सारखाच लागतो.

परीक्षा कोणती, कशासाठी?

आपल्याला फिजिक्स शिकवायचं नाही. पण लेकरू काय सांगतंय ते कळलं पाहिजे.

इंजिनिअरिंग, फार्मसी आणि शेतकी पदवीसाठी राज्याची एमएचटी-सीईटी असते. ती राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. डॉक्टर व्हायचं तर नीट. ती देशभर एकच असते. बीएस्सी नर्सिंगला वेगळी सीईटी आहे. आर्ट्स-कॉमर्सच्या लेकरांनाही दारं आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा वकिलीचा अभ्यासक्रम आहे, त्याला कोणतीही शाखा चालते आणि त्याचीही सीईटी असते. आणि लेकरू अजून दहावीत असेल तर पॉलिटेक्निकला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या मार्कांवर नंबर लागतो.

सीईटी संगणकावर होते. एकूण २०० मार्क. आधी दीड तासात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न. पुढच्या दीड तासात गणिताचे ५० किंवा जीवशास्त्राचे १००. गणिताच्या एका प्रश्नाला २ मार्क, बाकी सगळ्यांना १. साधारण ८० टक्के भाग बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा असतो. म्हणून अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका. उत्तर चुकलं तरी मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडायचा नाही.

नीटचं उलट आहे. ती कागदावर गोळे काळे करून होते. १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला ४ मिळतात आणि चुकलं तर १ कापला जातो. तिथं येत नसलेल्या प्रश्नावर उगाच ठोकून द्यायचं नाही. नीट मराठीतूनही देता येते, पण भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते. सीईटीत गणित मात्र इंग्रजीतच असतं.

आणखी एक शब्द कानावर पडेल, पर्सेंटाईल. याचा अर्थ टक्के नव्हे. ९० पर्सेंटाईल म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर १०० लेकरांतली साधारण ९० आपल्या लेकराच्या बरोबरीला किंवा मागं आहेत. मार्क किती पडले ते यातून कळत नाही. हे माहीत नसलं की उगाच आनंद होतो नाहीतर उगाच रडणं.

लातूरला पाठवायचंच का?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. लातूरच्या कॉलेजांनी एकेकाळी ग्रामीण लेकरांकडून रोजचा सराव आणि पुन्हा पुन्हा चाचण्या करून घेऊन नाव मिळवलं. त्यातलं मूळ सूत्र सराव आणि चाचणी हे आहे. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर पाठवावं. पण उचलीचे सगळे पैसे क्लासच्या फीत घालून, वर सावकाराचं कर्ज काढून पाठवू नये. घरी राहूनही बरंच करता येतं.

सीईटीचा पाया राज्याची पाठ्यपुस्तकं आहेत, बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात. नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तकं, तीही मोफत. जेईई आणि नीटसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं आयआयटी कानपूरच्या मदतीनं 'साथी' नावाची मोफत सोय केली आहे. इतर मागास, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या लेकरांना 'महाज्योती' ही शासनाची संस्था दहावीनंतर ऑनलाईन शिकवणी आणि टॅब देते. त्यासाठी दहावीच्या निकालानंतर वेळेत अर्ज करावा लागतो. दहावीचं लेकरू घरात असेल तर हे आजच लिहून ठेवा.

आपल्या लेकरांना एक अडचण हमखास येते. अनेकांनी मोबाईल वापरलेला असतो, माऊस नाही. सीईटीच्या दिवशी पहिली दहा मिनिटं माऊस सावरण्यात जातात. कॉलेजच्या संगणक कक्षात किंवा सेवा केंद्रात महिन्यातून दोन-तीन वेळा तरी लेकराला संगणकावर सराव परीक्षा द्यायला लावा. घड्याळ लावून, मध्ये न उठता.

आणि घरात राहिलेल्या आजीला सांगून जा, की पोरगी अभ्यासाला बसली की तिला पाण्याला, सरपणाला उठवायचं नाही. अभ्यास आणि घरचं सगळं काम एकट्या पोरीवर टाकलं तर दोन्ही अर्धे होतात.

फाईलमध्ये काय काय?

एक प्लास्टिकची फाईल घ्या आणि हे कागद मूळ प्रत, तीन झेरॉक्स अशा हिशोबानं लावा. दहावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि ज्यांना लागू आहे त्यांचं नॉन-क्रिमीलेयर. आर्थिक दुर्बल घटकातल्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला. लेकराच्या नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं. दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का, तेही बघा. एका वेलांटीवरून काम अडतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र. लेकरू अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडं अर्ज करायचा. त्याला वडिलांकडच्या पिढीचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ च्या आधीचा, इतर मागास वर्गासाठी १९६७ च्या आधीचा. आजोबा, चुलत आजोबा, आजोबांची बहीण, यांच्यापैकी कुणी शाळेत गेलं असेल तर त्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा काढा. भावकीत कुणाची वैधता आधी झाली असेल तर त्याची प्रत मागा. अबोला असेल तर एवढ्यापुरता सोडा.

पैशाचं काय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तर ही माफी नाही. म्हणून "लाखभर द्या, सीट पक्की करतो" म्हणणारा एजंट दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. ज्या फीला माफी मिळाली असती, तीच तो तुमच्याकडून भरून घेतो.

राहण्यासाठी समाज कल्याणची वसतिगृहं आहेत. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आहे. बीडच्या समाज कल्याण कार्यालयात जाऊन जागा आहे का, ते विचारून या.

गटानं करायची चार कामं

एक, या महिन्याच्या बैठकीत गावातल्या दहावी ते बारावीच्या लेकरांची यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढं कोणता दाखला आहे आणि कोणता नाही, ते लिहा.

दोन, फॉर्मवर गावात राहणाऱ्या विश्वासू माणसाचा किंवा लेकराच्या स्वतःच्या हातातला नंबर द्या. तो नंबर प्रवेश होईपर्यंत बदलायचा नाही. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

तीन, फॉर्मच्या फीसाठी गटातून अंतर्गत कर्ज मंजूर करून ठेवा. आई कारखान्यावर असली तरी सचिवाला ते देता आलं पाहिजे.

चार, परीक्षेच्या दिवशी पोरीसोबत कोण जाणार, ते आत्ताच ठरवा. केंद्र लांब असेल तर आदल्या दिवशी निघायचं. आई फडात असेल तर गटातली मावशी जाईल.

शेवटी एक सांगते. कारखान्यावर जाताना वयात आलेली पोरगी मागं ठेवायची भीती वाटते, म्हणून आपल्याकडं घाईनं लग्नं उरकली जातात. ती भीती मला कळते, मीही याच मातीतली आहे. पण अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि भीतीवर तो उपायही नाही. पोरीकडं लक्ष द्यायला गट आहे, वसतिगृह आहे. मागच्या वर्षी आमच्या एका गटानं पाच पोरींच्या फाईली दसऱ्याच्या आधी पूर्ण केल्या. त्यांच्या आया कारखान्यावर होत्या, आणि फॉर्म भरताना एकीलाही हेलपाटा पडला नाही.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी पेटी उघडा आणि कागद मोजा. जो नाही त्याच्यासाठी उद्या सकाळची पहिली एसटी पकडा.