मोटारीची झिलई व तिला उजाळा देणारें यंत्र

नवी मोटार घरीं आली म्हणजे पहिले कांहीं महिने तिच्या अंगाचा जणू आरसा झालेला असतो. पुढें वर्ष-दोन वर्षें गेलीं कीं, भर उन्हांत तिच्या टपावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें दिसूं लागतात. मग घरांतील तरुण मंडळी विजेवर चालणारें पॉलिशचें यंत्र विकत आणण्याची गोष्ट काढतात. कारागिराच्या हातांतील हें साधन आतां गृहस्थाच्याहि आटोक्यांत आलें आहे. परंतु असें यंत्र घेणें सोपें असलें, तरी योग्य यंत्र निवडणें तितकें सोपें नाहीं. म्हणून या विषयाचा थोडा साकल्यानें विचार करणें इष्ट आहे.

प्रथम, आपण घासणार तें काय, हें समजून घ्यावें. हल्लींच्या मोटारीच्या पत्र्यावर गंजप्रतिबंधक थर, त्यावर अस्तर, त्यावर मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, असे थर असतात. हे सर्व मिळून जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांत पारदर्शक थर बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनांचाच असतो, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीहूनहि कमी. झिलई आहे ती या थराची, आणि उन्हांतील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण करतो तोहि हाच.

ओरखडा काढणें म्हणजे तो भरून काढणें नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत भोंवतालचें रोगण झिजवून पृष्ठभाग सपाट करणें, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून प्रत्येक वेळीं आपण मुद्दलांतून खर्च करीत असतों. आणि या मुद्दलाला व्याज नाहीं. यंत्राची निवड करतांना हें एक तत्त्व मनांत पक्कें असलें म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडत जातात.

आतां यंत्रांचे प्रकार पाहूं. जुन्या चालीच्या यंत्राला रोटरी म्हणतात. त्याची गादी एकाच आंसाभोंवतीं कुंभाराच्या चाकाप्रमाणें फिरते. हें यंत्र झपाट्यानें काम करतें. पण एकाच जागीं क्षणभर अधिक रेंगाळलें तर तेथें उष्णता सांचते, रोगण करपतें, आणि अननुभवी हातानें फिरविल्यास धुरकट पट्ट्यांची नवीच नक्षी मागें राहते. ओरखडे काढावयास जावें आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यावें, असा हा प्रकार होतो.

दुसरें दुहेरी गतीचें यंत्र, ज्याला डबल ॲक्शन किंवा नुसतें डी. ए. म्हणतात. त्याची गति शाळेंतील भूगोलाच्या पहिल्या धड्यावरून ध्यानांत येईल. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरते आणि सूर्याभोंवतींहि फिरते. तशी या यंत्राची गादी स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां एका लहानशा कक्षेंतहि फिरते. त्यामुळें कोणताहि कण त्याच त्या वाटेनें पुनःपुन्हा घासत नाहीं, आणि उष्णता विभागली जाते. साध्या दुहेरी यंत्रांत स्वतःभोंवतींची गति मोकळी असते. हात प्रमाणाबाहेर दाबला कीं ती थांबते आणि केवळ थरथर उरते. कित्येकजण यास यंत्राचा दुबळेपणा समजतात. नवशिक्याच्या दृष्टीनें तोच त्याचा मोठा गुण होय, कारण चूक होण्यापूर्वीं यंत्रच हात आखडतें. तबकडीच्या कडेवर काळ्या शाईची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ फिरतांना दिसेनाशी झाली कीं दाब कमी करावा, हें सहज कळतें.

या यंत्रांतील मुख्य भेद कक्षेच्या व्यासाचा आहे. बाजारांत त्यास थ्रो म्हणतात. तो ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असा आढळतो. एका फेरींत गादी किती अंतर कापते, याचें गणित सोपें आहे. ८ मिलिमीटरच्या कक्षेचा परिघ सुमारें २५, १५ चा सुमारें ४७ आणि २१ चा सुमारें ६६ मिलिमीटर येतो. मिनिटास ४००० फेऱ्या धरल्या, तर पहिली गादी १०० मीटर, दुसरी १८८ मीटर आणि तिसरी २६४ मीटर घासते. म्हणजे तितक्याच फेऱ्यांत मोठ्या कक्षेचें काम पुष्कळ अधिक होतें.

तर मग २१ च घ्यावें काय? टप आणि बॉनेट यांसारखे विस्तीर्ण व सपाट भाग ज्या गाडीस अधिक, तिला तें शोभेल. परंतु लहान मोटारींचीं दारें वळणदार असतात, कडा उठावदार असतात. तेथें मोठ्या कक्षेची गादी नीट टेंकत नाहीं, अडखळते आणि तिचें फिरणें बंद पडतें. इटलींतील रूपेस कंपनीचीं १५ व २१ मिलिमीटरचीं अशीं दोन्ही यंत्रें प्रसिद्ध आहेत, यावरूनच एकानें सर्व भागत नाहीं हें उघड होतें. ज्या घरीं एकच यंत्र घ्यावयाचें आणि तें भावाभावांच्या दोन-तीन गाड्यांना फिरवावयाचें, त्या घरानें १५ मिलिमीटरचें, १२५ मिलिमीटर तबकडीचें यंत्र घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. आरशामागील व खांबांवरील चिंचोळ्या जागांसाठीं ७५ मिलिमीटरचें छोटें यंत्र पुढें सवडीनें घेतां येईल. दांत्यांच्या योगें जबरीनें फिरणारा तिसरा एक प्रकार आहे. तो दाबला तरी थांबत नाहीं, म्हणून काम उरकतो, पण वर सांगितलेला आपोआप थांबण्याचा गुण त्यांत नसतो. हात बसल्यावर त्याचा विचार करावा.

विकत घेतांना आणखी कांहीं गोष्टी पाहाव्यात. वेग टप्प्याटप्प्यानें कमीजास्त होतो काय, आणि दाब दिल्यावरहि तो टिकतो काय, हें प्रत्यक्ष चालवून पाहावें. यंत्राचें वजन दोन ते तीन किलो असतें. दार घासतांना तें तासभर आडवें धरावें लागतें, म्हणून हातांत घेऊन पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. तबकडी आणि गाद्या आपल्या गांवीं मिळतात काय, याची चौकशी करावी. परदेशीं असलेल्या मुलांनी तिकडून यंत्र आणण्याचा बेत केल्यास त्यांना आधींच लिहावें कीं, अमेरिकेंतील घरगुती वीज १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची. तेथील यंत्र येथें तसेंच जोडलें तर मोटर जळून जाईल.

यंत्र कितीहि उत्तम असलें, तरी खरें घासतें तें गादी आणि मसाला. कामापूर्वीं गाडी स्वच्छ धुवावी. सावलींत, पत्रा थंड असतां, वीतभर-दोन वीत चौकोनावर सर्वांत मऊ गादी आणि सर्वांत सौम्य पॉलिश यांनी प्रयोग करून पाहावा. तेवढ्यानें भागलें तर तिखट मसाल्याकडे वळूंच नये. कडा आणि उठावाच्या रेघांवर रोगण पातळ असतें. तेथें कागदी चिकटपट्टी लावावी. बंपर प्लॅस्टिकचा असल्यानें त्यांतील उष्णता लवकर निघत नाहीं, तेथें हात हलका ठेवावा. जो ओरखडा नखास अडकतो, तो खोल गेलेला समजावा. त्याच्या मागें लागून थर गमावण्यापेक्षां तो तसाच राहूं देणें शहाणपणाचें. जुनी गाडी घेतली असेल, तर पूर्वींच्या मालकानें किती वेळां घासली हें डोळ्यांनी कळत नाहीं. अशा वेळीं जाडी मोजण्याचें यंत्र असलेल्या कारागिराकडून ती आधीं मोजून घ्यावी.

शेवटीं मूळ कारणाकडे वळूं. हीं वर्तुळें येतात कोठून? रोज पहांटे एकाच बादलींतील गढूळ पाण्यांत बुडविलेलें फडकें, किंवा धूळ बसलेल्या गाडीवर फिरविलेला कोरडा झाडू, हेंच बहुतेक घरांतील उत्तर आहे. धुळींतील वाळूचे कण रोगणापेक्षां कठीण असतात. प्रत्येक पुसणें हें नकळत केलेलें घासणेंच होय. गाडी पुसणाऱ्या माणसास दोन बादल्या आणि मऊ फडकीं द्यावींत, धूळ पाण्यानें वाहूं द्यावी, मगच हात लावावा. हें ज्या घरीं रोज पाळलें जाईल, तेथें यंत्र वर्षानुवर्षें कपाटांत स्वस्थ पडून राहील. आणि मुद्दल शाबूत राहील, हाच त्या यंत्राचा सर्वोत्तम उपयोग म्हणावा लागेल.